फाईल घरी आली, कपाट ऑफिसातच राहिले

प्रति,
संचालक, मालक व व्यवस्थापक,
खान्देशातील पतसंस्था, नागरी सहकारी बँका, करसल्लागार कार्यालये, दवाखाने व पॅथॉलॉजी लॅब
(जळगाव, धुळे, नंदुरबार)

विषय : घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिल्या जाणाऱ्या गोपनीय माहितीबाबत.

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मी जळगावात एका सहकारी संस्थेच्या कर्जविभागात अठरा वर्षांपासून आहे. अर्ज आला की कागद तपासायचे, जामीनदार कोण ते बघायचे, सातबारा, आठ-अ, पगारपत्रक, सोनेतारण असेल तर सराफाचा मूल्यांकन दाखला लावायचा आणि प्रकरण मंजुरीला वर पाठवायचे, हे माझे काम. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या फाईली पहिल्यांदा कापडी पिशवीतून माझ्या घरी आल्या. टाळेबंदी उठली, पण काम पूर्ण परत गेले नाही. संस्थेने भाड्याचा वरचा मजला सोडून दिला, टेबले कमी झाली आणि छाननीच्या आम्हा पाचजणींना आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायला सांगितले. मला ते सोयीचे पडले, आजही पडते. सासूबाईंचे औषधपाणी होते, मुलगी शाळेतून येते तेव्हा मी घरी असते. त्यामुळे हे पत्र वाचून कुणी घरचे काम बंद करायला निघाले तर मला वाईट वाटेल. मला वेगळे काही मागायचे आहे. त्याआधी जे घडले ते सांगते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी पाहुणे होते. भाच्याचा साखरपुडा नुकताच झाला होता आणि त्याचे फोटो माझ्या फोनमध्ये होते. मुलीने फोन टीव्हीला जोडला. सगळे सतरंजीवर बसले होते, पुढ्यात फराळाच्या ताटल्या, आणि एकेक फोटो सरकत होता. हार घालताना, अंगठी घालताना, ओटी भरताना. त्याच्या पुढच्या फोटोत पांढऱ्या कागदावर ठेवलेली एक मंगलपोत दिसली. बाजूला वजनाचे आकडे, खाली कर्जदाराचे नाव, कोपऱ्यात तिचा पासपोर्ट फोटो. त्यानंतर तिचे आधार कार्ड. तीन-चार सेकंद गेले असतील. मी फोन ओढून घेतला तोवर पारोळ्याकडून आलेल्या एक बाई म्हणाल्या, "हाई तं आमनी वहिनीनं नाव शे!"

मी चहाचे काढले, फराळाचे काढले. पण त्या बाई त्यानंतर फारसे बोलल्या नाहीत. त्या टीव्हीकडेच बघत राहिल्या, आणि टीव्ही तर मी बंद केला होता.

तो फोटो मी काढलेलाही नव्हता. शाखेतल्या सहकाऱ्याने तो नेहमीप्रमाणे आमच्या विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. माझ्या फोनने तो आपोआप उतरवून घेतला आणि तारखेप्रमाणे साखरपुड्याच्या फोटोंशेजारी लावून ठेवला.

आठवडाभरात ती कर्जदार बाई शाखेत आली. नेमका माझा शाखेचा दिवस होता. ती भांडली असती तर मला सोपे गेले असते. खुर्चीवर बसून तिने पर्स मांडीवर धरली आणि एवढेच म्हणाली, "ताई, सराफाकडे गेले असते तर गल्लीला कळलं असतं. तुमच्याकडे कुणाला कळत नाही, म्हणून तुमच्याकडे आणलं होतं." तिने पैसे कशासाठी घेतले आणि तिच्या घरी पुढे काय झाले, ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचे आहे. दागिना, गाव आणि नाते हेही मी बदलून लिहिले आहे.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती मिळायलाच हवी होती. मी चूक लेखी कबूल केली. त्यानंतर संस्थेने सगळ्या कर्मचाऱ्यांकडून हमीपत्र लिहून घेतले, की ग्राहकांची माहिती गोपनीय ठेवीन आणि कसूर झाल्यास सर्वस्वी मी जबाबदार राहीन. सोमवारी सह्या झाल्या. मंगळवारी सकाळी त्याच ग्रुपवर नवी सात प्रकरणे येऊन पडली. आधार, पॅन, दागिन्यांचे फोटो, सगळे. फोन तोच, माझा. हे पत्र मी त्या मंगळवारी लिहायला घेतले.

शाखेत एखादी फाईल टेबलावर येते तेव्हा तिच्याभोवती काय काय असते ते आठवा. आवक-जावक रजिस्टरला तिची नोंद असते. कुणी नेली, कधी परत आणली, याची सही असते. संध्याकाळी ती कपाटात जाते आणि कपाटाची चावी शाखाधिकाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये. तिजोरीला तर दोन चाव्या, एक शाखाधिकाऱ्याकडे आणि एक रोखपालाकडे, म्हणजे एकट्या माणसाला ती उघडताच येऊ नये. दारात शिपाई, भिंतीवर कॅमेरा. ही शिस्त एका दिवसात आलेली नाही. कुठे कुणी बुडवले, कुठे कुणी फसवले, त्यातून शिकत शिकत जुन्या माणसांनी ती बसवली. मग फाईल घरी पाठवताना यातले काय तिच्याबरोबर पाठवले? काहीच नाही. माझ्याकडे ती जेवणाच्या टेबलावर येते. एका बाजूला मुलीची वह्या-पुस्तके, दुसऱ्या बाजूला मी, आणि साडेसात वाजले की दोघींना उठावे लागते कारण ताटे मांडायची असतात. उठताना फाईल फ्रिजवर ठेवते. अठरा वर्षे मी ज्या कागदांना कुलपात ठेवले, ते आता फ्रिजवर असतात, आणि त्याची मला रोज लाज वाटते.

माहितीची चोरी म्हटली की संचालक मंडळाच्या डोळ्यांपुढे कुणीतरी परदेशातला हॅकर येतो. त्याला कारणही आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवसांत ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. त्याच ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. ते योग्यच झाले. मात्र पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत, त्यांना रिझर्व्ह बँकेचा तो धाक नाही. आणि दुसरे असे, की आपल्या भागात माणसाचे नुकसान करायला हॅकर लागत नाही. अमळनेरचा माणूस भुसावळच्या स्टेशनवर भेटला तरी तिसऱ्या वाक्याला नाते निघते. इथे माहितीची किंमत पैशात होत नाही. कुणी बायकोचे दागिने गहाण टाकले, धाकटा भाऊ मोठ्याला न सांगता कुणाला जामीन राहिला, कुणाच्या वडिलांवर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला, या गोष्टी कुठल्याही चोराच्या उपयोगाच्या नाहीत. पण मुलीचे स्थळ ठरत असताना यातली एक गोष्ट बाहेर पडली तर ते स्थळ मोडते. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याने बागेवर किती उचलले हे व्यापाऱ्याला कळले तर भाव ठरवताना व्यापारी ते लक्षात ठेवतो. डाळमिलवाल्याची कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेकडून उचल घेण्याची, मर्यादा किती वापरून झाली आहे, हे शेजारच्या डाळमिलवाल्याला कळणे म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून मला वाटते, आपल्याकडे गोपनीयतेचा विचार घराच्या उंबरठ्यापासून सुरू करायला हवा. तिथे काय होते ते मी पाहते, तुम्हाला दिसत नाही.

व्हॉट्सॲपचेच घ्या. ग्रुपवरचे मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, असे आमचे साहेब नेहमी सांगतात. ते खरे आहे. पण गळती वाटेत होतच नाही. फोटो फोनच्या गॅलरीत उतरतो, फोटोंचा बॅकअप चालू असेल तर गॅलरीतून गूगलच्या खात्यावर चढतो, आणि ते खाते नवऱ्याच्या जुन्या फोनवर किंवा मुलीच्या टॅबवर चालू असेल तर तिथेही दिसतो. चॅटचा बॅकअप वेगळाच. त्याला कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपण स्वतः चालू केली तरच चालू होते. आमच्या ग्रुपमध्ये कितीजणींनी केली होती, हे मी त्या दिवाळीनंतर विचारले. एकीनेही नाही. मीही नाही. ग्रुपवरून गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेला एक मुलगाही तोवर काढलेला नव्हता. त्याच्या राजीनाम्यानंतरची सगळी प्रकरणे त्याच्या फोनवर गेली. त्याने त्याचे काही केले असेल असे मला वाटत नाही, चांगला मुलगा होता. पण कर्जदारांनी अर्जावर सही करताना त्याच्या चांगुलपणावर विसंबून सही केली नव्हती.

आधार कार्डाच्या बाबतीत तर आपल्याला विशेष जपायला हवे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आज त्या बारा आकड्यांची प्रत प्रत्येक अर्जाला लागते, आणि आपण ती पूर्णच्या पूर्ण फोनवरून फिरवतो. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून पहिले आठ आकडे झाकलेले आधार काढता येते. जिथे पूर्ण क्रमांकाची कायद्याने गरज नाही तिथे तेच घ्यावे. अर्जदाराला काउंटरवर तेवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. मी आता सांगते. बहुतेकांना अशी सोय आहे हेच माहीत नसते.

आता उन्हाळ्याचे सांगते, कारण हे पुण्या-मुंबईच्या नियमावलीत सापडणार नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. घरात कूलर लावल्याशिवाय बसवत नाही. कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर घरात नुसता दमटपणा साठतो. आणि कूलरचा आवाज असा, की समोरच्याला ऐकू जावे म्हणून आपण ओरडून बोलतो. अशा दुपारी मी वसुलीचे फोन करत असे. "तुमचे तीन हप्ते थकले आहेत, जामीनदाराला नोटीस काढावी लागेल," हे वाक्य मी माझ्या उघड्या खिडकीतून किती वेळा ओरडून म्हटले असेल! वीज गेली तर आणखीच पंचाईत. मग मी ओट्यावर येऊन बसत असे. गल्लीत त्या वेळी बायका धान्य निवडत असतात, कुणी पापड वाळवत असते. एकदा फोन ठेवल्यावर शेजारच्या काकू सहज म्हणाल्या, "पाटील म्हणजे ते दूध डेअरीजवळचेच ना?" नाव मी आडनावापुरतेच घेतले होते. एवढे पुरले.

त्या दिवसापासून मी वसुलीचे फोन फक्त शाखेच्या दिवशी, शाखेतून करते. हा नियम माझा मी केला. खरे तर तो संस्थेने करायला हवा होता.

प्रिंटचाही प्रश्न असाच. घरी प्रिंटर नसतो. मंजुरीपत्र, जामीनपत्र छापायचे असले की कॉलनीच्या चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जायचे, दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर फाईल पाठवायची, तो छापून देणार. त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडेच असते आणि डाव्या हाताला दिवसभरात आलेल्या फाईलींची रांग लागलेली असते. एकदा मी रांगेत उभी असताना माझ्यापुढच्या मुलाचा बायोडेटा शोधता शोधता दुकानदाराने चुकून दुसरीच पीडीएफ उघडली. ती आमच्या संस्थेची होती. आदल्या दिवशी माझ्याच एका सहकारी मैत्रिणीने पाठवलेली. पडद्यावर कर्जदाराचा पगार, हप्ता, खाते क्रमांक. दुकानदाराने ती मुकाट बंद केली, त्याचा काही दोष नाही. आणि छापताना जी पाने वाकडी येतात, फिकट येतात, ती टोपलीत जातात, टोपली रद्दीत जाते, आणि रद्दी भेळभत्त्याच्या गाडीवर जाते. घरची रद्दी तरी वेगळी कुठे जाते? मी आता फुकट गेलेली पाने फाडून, भिजवून मगच टाकते. शाखेत कागद कातरण्याचे यंत्र आहे, पण ते शाखेत आहे.

एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. घरून शाखेतला कॉम्प्युटर चालवता यावा म्हणून आम्हाला एनीडेस्कसारखे ॲप दिले आहे. मी घरी बसून माऊस हलवते आणि शाखेतल्या माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर काम होते. सोयीचे आहे. पण त्या वेळी शाखेतला पडदा चालूच असतो! मी घरी जी फाईल उघडते ती तिथे, रिकाम्या खुर्चीसमोर, सगळ्यांना दिसते. चहावाला मुलगा, झाडलोट करणाऱ्या मावशी, काउंटर समजून आत डोकावलेला ग्राहक. एकदा शिपायानेच मला फोन करून सांगितले, "मॅडम, तुमचा कॉम्प्युटर आपोआप चालतोय." घाबरला होता बिचारा. तो पडदा काळा ठेवण्याची सोय असते, ती आम्हाला बसवून देणाऱ्याने सांगितली नव्हती. शिवाय पाचही कॉम्प्युटरांना कायमचा एकच पासवर्ड होता, संस्थेचे नाव आणि पुढे १२३. तो आजही बदलला आहे की नाही हे मी इथे लिहीत नाही.

घरी आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे शेजारचे टेबल. शाखेत एखादा विचित्र फोन आला की आपण फोनवर हात ठेवून बाजूच्याला विचारतो, "अहो, हे सॉफ्टवेअरवाले आज अपडेट करणार आहेत का?" बाजूचा म्हणतो, "नाही बुवा." संपला विषय. घरी विचारणार कुणाला? माझ्या एका मैत्रिणीला, दुसऱ्या संस्थेतल्या, असाच दुपारी फोन आला. समोरचा माणूस हेड ऑफिसातल्या साहेबांचे नाव घेऊन बोलत होता, शाखेचा कोड त्याला माहीत होता, आणि त्याला फक्त तिच्या फोनवर आलेला ओटीपी हवा होता. गॅसवर दूध होते, मूल रडत होते. तिने सांगितला. तासाभराने शंका आली. तेव्हा तिने कुणाला कळवले असेल? कुणालाच नाही. दोन दिवस ती घाबरून गप्प बसली, कारण तिनेही हमीपत्रावर सही केली होती.

हे मला सगळ्यात जास्त लागते. ज्या कागदाने माहिती सुरक्षित व्हायची, त्याच कागदाने चूक लपवायला लावली. आणि अशा वेळी दोन दिवस म्हणजे फार झाले. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. घाबरलेली कर्मचारी सहा तासांत आपल्या साहेबांना सांगणार नसेल, तर साहेब सरकारला काय कळवणार?

कायद्याचेही थोडे सांगते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांच्या तयारीसाठी अठरा महिने दिले आहेत, म्हणजे मे २०२७. आमच्या एका बैठकीत कुणीतरी म्हणाले, की आपले तर बरेचसे कागदावरच आहे, आपल्याला तो लागू नाही. तसे नाही. माहिती कागदावर घेतली आणि नंतर डिजिटल केली, तरी कायदा लागू होतो. काउंटरवर घेतलेल्या अर्जाचा मोबाइलने फोटो काढला की ती डिजिटल झाली. माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती या कायद्यातून वगळली आहे, पण कर्जदाराचे आधार माझ्या फोनमध्ये आहे ते माझ्या घरगुती कामासाठी नाही, संस्थेच्या कामासाठी आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गळती झाल्यावर सरकारच्या माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्याची माहिती गेली त्या माणसाला न कळवल्याबद्दल २०० कोटींपर्यंत. एखाद्या छोट्या पतसंस्थेला एवढा दंड होईल असे मी म्हणत नाही, ही कमाल मर्यादा आहे. मला दाखवायचे आहे ते वेगळे. ही जबाबदारी कायद्याने संस्थेवर टाकली आहे. माझ्यासारख्या पाचजणींच्या सह्या घेऊन ती संस्थेच्या खांद्यावरून उतरत नाही. आणि ज्याची माहिती गेली त्याला सांगायचे, ही गोष्ट मला दंडापेक्षा मोठी वाटते. त्या बाईला आम्ही सांगितले नव्हते. तिला ते तिच्या सासरच्या माणसांकडून कळले.

आता काही जण याचा उलटा अर्थ काढतील, म्हणून आधीच लिहिते. आमच्याकडे सूचना आली होती की घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉपचा कॅमेरा दिवसभर चालू ठेवावा. कृपा करून हे करू नका. माझे घर दोन खोल्यांचे आहे. कॅमेऱ्यात माझ्या सासूबाई येतील, कपडे बदलणारी मुलगी येईल. कर्जदाराचे घर उघडे पडू नये म्हणून माझे घर उघडे पाडणे हा उपाय नाही. शिवाय कॅमेऱ्याला फ्रिजवरची फाईल दिसते, झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर दिसत नाही.

मला हवे आहे ते साधे आहे. ज्याला घरी काम दिले त्याला संस्थेचा लॅपटॉप द्या, ज्यावर मुलांचा अभ्यास होणार नाही, ज्याची डिस्क कुलूपबंद असेल, जो चोरीला गेला तरी आतले उघडणार नाही. तिजोरीला जशी दुसरी चावी असते तशी संस्थेच्या सॉफ्टवेअरला पासवर्डबरोबर दुसरी खूण ठेवा. कर्जप्रकरणे व्हॉट्सॲपवरून आजच्या आज बंद करा आणि संस्थेच्याच सर्व्हरवर एक ठिकाण द्या, जिथे कुणी काय उघडले याची नोंद राहील, आवक-जावक रजिस्टरसारखी. नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच्या निरोपसमारंभाच्या दिवशीच बंद व्हावे. कागद घरी न्यावाच लागला तर सोबत कुलपाची एक लोखंडी पेटी द्या, आणि नेताना-आणताना सही घ्या. छपाई शाखेतच करा. सोनेतारण, वसुली आणि जामीनदारांच्या तक्रारी ही तीन कामे घरी पाठवूच नका, कारण ती बोलून करायची कामे आहेत आणि आपल्याकडची घरे बोलणे झाकून ठेवणारी नाहीत.

आणि एक फोन नंबर द्या. चूक झाली तर पहिल्या दहा मिनिटांत ज्यावर कळवता येईल, आणि जो उचलणारा माणूस आधी नोटीस काढणार नाही, आधी नुकसान थांबवेल. लगेच सांगणाऱ्यावर कारवाई नाही आणि लपवणाऱ्यावर कडक, असे लेखी द्या. माझ्या मैत्रिणीकडे असा नंबर असता तर ते दोन दिवस गेले नसते.

खर्च येईल, हे मी हिशेबातलीच माणूस असल्याने जाणते. साधा लॅपटॉप तीस-चाळीस हजारांत येतो, पेटी त्याच्या कितीतरी कमी. सोडलेल्या वरच्या मजल्याचे भाडे आपण दरमहा वाचवतो आहोत. ते वाचलेले पैसे ज्यांच्या घराने तो मजला उचलून धरला आहे, त्यांच्या टेबलावर थोडे यायला हरकत नसावी.

करसल्लागारांच्या कार्यालयांत शिकाऊ मुले पक्षकारांची विवरणपत्रे पेनड्राइव्हमध्ये घालून मोटारसायकलवरून घरी नेतात. पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट रात्री घरून टाइप होतात. त्यांच्याकडचे बारकावे त्यांनाच माहीत, मी माझ्या टेबलावरचे लिहिले. पण एचआयव्हीचा किंवा गर्भारपणाचा रिपोर्ट चुकीच्या टीव्हीवर दिसला तर काय होईल, याचा विचार त्यांनी करावा.

गेल्या महिन्यात त्या बाईने पोत सोडवली. तिचे पैसे भरून झाले, पावती झाली, आमच्या रोखपालाने दागिन्याचे पाकीट काउंटरवर ठेवले आणि नेहमीच्या सवयीने ग्रुपवर टाकण्यासाठी फोटो काढायला फोन उचलला. तिने पाकिटावर हात ठेवला. दोन्ही हात ठेवले. रोखपालाने फोन खाली ठेवला आणि रजिस्टरला पेनाने नोंद केली.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. त्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. घरून होणाऱ्या कामासाठीचा दोन पानी नियमांचा मसुदा मी आणि माझ्या चार सहकाऱ्यांनी मराठीत तयार केला आहे. आमच्या संचालक मंडळाकडे तो दिला आहे. अन्य कुठल्या संस्थेला हवा असेल तर आम्ही तो स्वतः येऊन समजावून सांगू, मग ते शहादा असो की चाळीसगाव.

आपली नम्र,
कर्जविभागातील एक कर्मचारी
जळगाव